हे कोन कोन पाहेल?

हा भाग पुण्याच्या खोलीतून नाही, करडीच्या आमच्या घराच्या छपरीतून रेकॉर्ड केलाय. मध्ये मध्ये चिमण्या येतील, एकदा शेजारचा ट्रॅक्टर येईल. काढून टाकता आला असता, ठेवलाय. करडी म्हणजे भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका, सगळा धानाचा पट्टा. ज्यांना हेडफोन लावून ऐकणं जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिहून काढलेला मजकूर. बोलतानाचे "म्हणजे" आणि "अं" कमी केलेत, बाकी तसंच आहे.

तर झालं असं. माझी चुलत बहीण नागपुरात मास कम्युनिकेशन करते. घरात सगळे तिला छोटी म्हणतात, मीही तेच म्हणेन. शेवटच्या वर्षाला तिला प्रोजेक्ट होता: तीन-साडेतीन मिनिटांचा म्युझिक व्हिडिओ करायचा, आणि त्याआधी संशोधन लिहून द्यायचं. संशोधनाचे दोन भाग. एक, म्युझिक व्हिडिओचे संकेत काय असतात, म्हणजे असे व्हिडिओ बनवायची ठरलेली रीत काय. दुसरा, प्रेक्षक कोण. तिनं रोवणीचं गाणं घ्यायचं ठरवलं होतं. जुलैमध्ये मी वर्क फ्रॉम होम घेऊन गावी होतो. "दादा, तू कॉम्प्युटरवाला आहेस, एडिटिंग तू कर," असा सरळ हुकूम झाला.

मला वाटलं, चार दिवसांचं काम. अभ्यासक्रमाचा भाग आधी सांगतो, कारण ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण मीडियाचे विद्यार्थी आहेत, हे मला तुमच्या मेसेजवरून कळतं.

म्युझिक व्हिडिओच्या अभ्यासात एक नाव येतंच येतं: अँड्र्यू गुडविन. त्याचं पुस्तक 1992 चं. एमटीव्ही अमेरिकेत 1 ऑगस्ट 1981 ला सुरू झालं, म्हणजे अकरा वर्षं ते चॅनल बघून त्यानं हे मांडलं. ढोबळमानानं असं: गाण्याचे शब्द आणि चित्र यांचं काहीतरी नातं असतं, संगीत आणि चित्र यांचं नातं असतं, प्रत्येक प्रकारच्या संगीताची आपली दृश्यं ठरलेली असतात, कलाकाराचे क्लोजअप भरपूर, कारण कंपनीला चेहरा विकायचा असतो, बघण्याचा, डोकावण्याचा, विशेषतः बाईच्या शरीराकडे बघण्याचा खेळ असतो, आणि दुसऱ्या सिनेमांचे, व्हिडिओंचे संदर्भ असतात. शब्द-चित्राच्या नात्याचे तीन प्रकार. चित्र शब्दांना जसंच्या तसं दाखवतं, किंवा त्यात भर घालतं, किंवा त्यांच्याशी काही संबंधच ठेवत नाही.

आता हे पाठ करून परीक्षेत लिहिता येतं. पण आम्ही ते मराठीवर लावून पाहिलं आणि मजा आली. संजू राठोडचं "गुलाबी साडी" घ्या, 2024 चं. साडीबद्दल गाणं आहे, पडद्यावर साडी आहे, हा झाला पहिला प्रकार. पण त्या गाण्यातली मुलगी आपल्या माणसाला फोटो काढायला सांगते. म्हणजे गाणं ऐकणारीला काय करायचं हे गाण्यातच सांगितलंय! साडी नेस, समोर उभी राहा, कॅमेरा चालू. गाण्याचा अर्धा व्हिडिओ मग लोकांनीच घरोघरी बनवला. गुडविनच्या काळात व्हिडिओ वरून खाली यायचा, चॅनलकडून घरात. आता तो घरातून वर जातो. म्हणून त्याची यादी वापरताना हे लिहाच, मार्क मिळतील.

"तांबडी चामडी" पण त्याच वर्षीचं, क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं. तिथे हाउस संगीत आणि मराठी शब्द, म्हणजे ज्या संगीताची दृश्यं क्लब आणि लेझर अशी ठरलेली, त्यात मराठी माणूस कुठे उभा करायचा हा प्रश्न. आणि "झिंगाट"? ते सिनेमाचं गाणं आहे, "सैराट", 2016. सिनेमाच्या गाण्याचं काम वेगळं. ते गायकाचा चेहरा विकत नाही, सिनेमा विकतं. आपल्याकडे म्युझिक व्हिडिओचा अभ्यास करताना मोठी अडचण हीच आहे, आपली सगळी सवय सिनेमाच्या गाण्यांची. 1995 मध्ये अलिशा चिनॉयचं "मेड इन इंडिया" आलं तेव्हा कुठे सिनेमाशिवायचा व्हिडिओ घराघरात माहीत झाला.

मी इंजिनियर, मला मोजायला आवडतं. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दोन लागोपाठच्या फ्रेममधला फरक ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त झाला की कट समजायचा आणि वेळ लिहून ठेवायची. एफएफएमपेग वापरणाऱ्यांना हे दोन ओळीत जमतं. प्रोग्रॅम पहिल्याच गाण्यात फसला. डीजेचे दिवे लुकलुकले की त्याला प्रत्येक लुकलुक कट वाटायची. शेवटी छोटीनं आवाज बंद करून, वहीवर रेघा ओढत मोजलं, आणि ते बरोबर आलं. करणाऱ्यांनी आधी तेच करा. आवाज बंद करून एकदा बघा, मग चित्र झाकून नुसतं ऐका. कट तालावर पडतात का ते तेव्हाच कळतं. 120 च्या लयीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, चार ठोक्यांचं आवर्तन दोन सेकंदांचं. बहुतेक कट या दोनाच्या पाढ्यात बसतात. डोळ्यांना ते कळत नाही, अंगाला कळतं.

एक गोष्ट मात्र पुस्तकात नव्हती. आमच्याकडे झाडीपट्टीची नाटकं होतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. दिवाळीनंतर सीझन सुरू, रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. कंपन्यांचं मुख्य ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. 2023 मध्ये याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. त्या नाटकांच्या पोस्टरवर बघा, गोलातले चेहरे, मोठं नाव कोणाचं, लहान कोणाचं, हे सगळं ठरलेलं. नाटकात मध्येच लावणी येते, कथेशी संबंध असो नसो. म्हणजे चेहरा विकणं, शब्दाशी फारकत, बघण्याचा खेळ, यातलं आम्हाला एमटीव्हीनं काही नवीन शिकवलेलं नाही. छोटीनं हे रिपोर्टमध्ये घातलं. दंडारीबद्दल वाचायचं तर साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांचं लेखन शोधा. झाडीबोलीवर आणि दंडारीवर त्यांनी आयुष्य घातलंय.

आता प्रेक्षक.

छोटीनं गूगल फॉर्म केला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत भरपूर उत्तरं. रंगीत गोल चकत्या तयार. वय 18 ते 24, मोबाइल सगळ्यांकडे, म्युझिक व्हिडिओ "रोज" बघतात. ती खूश. मी विचारलं, यात करडीचं कोण आहे? ती स्वतः. बस.

म्हणजे ज्या गाण्याचा व्हिडिओ करायचा ते गाणं म्हणणारं एकही माणूस त्या चकतीत नाही. फॉर्म भरायला वेळ लागतो, आणि "तुमची आवड" असल्या प्रश्नाला उत्तर द्यायची सवय लागते. आमच्या गल्लीत कोणाला विचारलं की तुम्ही गाण्याचे व्हिडिओ कुठे बघता, तर आधी हसतात. कारण गाणं इथे बघण्याची वस्तूच नाही फारशी. लग्नाच्या वरातीत डीजेवर ऐकतात. ट्रॅक्टरवर ऐकतात. मंडईत ऐकतात. (बाहेरच्यांसाठी सांगतो, मंडई म्हणजे भाजीबाजार नाही. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव जत्रेसारखी भरते ती.) शेतात मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बांधावर ठेवलेला, त्यातून गाणं चालू, स्क्रीन काळी. आता यूट्यूबच्या हिशेबात हा "प्रेक्षक" आहे. चित्र कोणी पाहिलंच नाही.

आणि फोन कोणाचा? हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. चॅनलवाल्याला आतून जी आकडेवारी दिसते ना, वय, पुरुष की स्त्री, ती लॉगिन केलेल्या खात्यावरून येते. आमच्या शेजारी फोन पोराचा, खातं पोराचं. दुपारी तो झोपला की त्याची आई त्यावर भजनं आणि गाणी लावते. आकडेवारीत तिथे तरुण मुलगा भजन ऐकतोय. मी रोज असल्या डेटावर काम करतो, चार्ट बनवतो, मीटिंगमध्ये दाखवतो. त्या दिवशी मला माझ्याच चार्टची थोडी लाज वाटली. असो.

इतकं मात्र खरं, की सगळं फार लवकर बदललं. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. मग टिकटॉक. 29 जून 2020 ला त्यावर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स सुरू केलं, सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं शॉर्ट्स. तीन महिन्यांत दुकान बदललं. गिऱ्हाईक तेच, फोन तसाच उभा धरलेला. त्यामुळे तुमचा व्हिडिओ आडवा करायचा की उभा, हा तुमच्या प्रोजेक्टमधला प्रेक्षक-संशोधनाचा पहिला प्रश्न असायला हवा. आम्ही तो विसरलो होतो, आडवंच शूट केलं.

स्टुअर्ट हॉलनं 1973 मध्ये मांडलं की बनवणारा एक अर्थ घालतो, बघणारा तो अर्थ जसाच्या तसा घेईल असं नाही. काही मान्य करतात, काही अर्धंमुर्धं घेतात, काही उलटाच अर्थ काढतात. हे पुस्तकात जड वाटतं. आम्ही "गुलाबी साडी" चार जणींना दुपारच्या जेवणाच्या वेळी बांधावर बसून दाखवलं. एकीनं साडीचा भाव विचारला. दुसरी म्हणाली, "चांगली दिसते पोरगी." आणि आजी, म्हणजे त्यांच्यातली सगळ्यात मोठी, पूर्ण बघून म्हणाली, "एवढ्या वेळात चार पेंड्या पऱ्ह्याच्या रोवून झाल्या असत्या." झाले तिन्ही प्रकार, एका बांधीत.

आता ज्यासाठी हा भाग केला ते.

शूटिंगचा पहिला दिवस. पाऊस उघडलेला, बांधीत गुडघ्याच्या खाली पाणी, बायका रांगेत वाकून परे रोवतायत आणि गातायत. एक काकू सुरुवात करते, बाकीच्या मागून. मी त्यांना लहानपणापासून काकू म्हणतो. नाव सांगत नाही. छोटी कॅमेरा घेऊन बांधावर पालथी पडली. खालून शॉट, पाण्याच्या रेषेवरून. पाय, खोचलेलं लुगडं, वाकलेली पाठ, हात, परत पाय. संध्याकाळी मी त्याचे तुकडे कापले. एक जागा संथ केली, एक पळवली, ठोक्यावर कट टाकले. भारी दिसत होतं. खरंच. छोटीनं वीस सेकंदांचा तुकडा स्टेटसला टाकला.

दुसऱ्या दिवशी आम्ही बांधीवर गेलो तर गाणं नाही. काम चालू, तोंडं बंद. आम्हाला वाटलं, कोणाचं तरी भांडण झालं असेल. जेवायला बसल्यावर काकूंनी मला जवळ बोलावलं. रागानं नाही.

"तो व्हिडिओ माह्या पोरानं पाह्यला. त्याले कोनी पाठवला. हे कोन कोन पाहेल गा, बाबू?"

मी म्हणालो, चोवीस तासांत जातो तो, स्टेटस आहे.

"त्याच्याजवळ तं आहे अजून."

यावर मला बोलता आलं नाही. कारण मला माहीत होतं. स्टेटस डिलीट केलं तरी ज्यानं उतरवून घेतलं त्याच्याकडे ते राहतं, आणि तो पुढे कोणाला पाठवतो ते आपल्याला कधीच कळत नाही. हे मी ऑफिसात लोकांना समजावून सांगतो. घरी मात्र छोटीनं विचारलं, "टाकू का?" तेव्हा मी मान हलवली होती.

गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं बांधीत काम असतं. तिथे त्याच्याकडे कोणी बघत नाही, सगळेच चिखलात. तेच फोनच्या चौकटीत, संथ करून, खालून दाखवलं की दुसरंच काहीतरी होतं. लॉरा मल्व्ही या बाईनं 1975 मध्ये सिनेमाबद्दल हेच लिहिलं, की कॅमेरा पुरुषाच्या नजरेनं बाईकडे बघतो, तिचे तुकडे करतो. छोटीला हे पाठ होतं, परीक्षेत लिहून आली होती. घरी येऊन रडली. "पण दादा, मी तर मुलगी आहे ना. मी कशी तशी बघेन?" मी म्हटलं, शॉट तू घेतलेस, कट मी केले, आणि आपण दोघांनीही विचार केला नाही, आपण आधी पाहिलेल्या शंभर गाण्यांनी केला. आता मागे वळून बघताना हे बोलणं मला जरा शहाणपणाचं वाटतं. त्या वेळी मी एवढंच म्हणालो होतो, "चूक माझीपण आहे, जेवून घे."

प्रोजेक्ट सोडून द्यावा असं तिच्या मनात आलं. गाणं स्टुडिओत कोणाकडून गाऊन घ्यावं, मॉडेलला नऊवारी नेसवून शेतात उभं करावं, हा मार्गही होताच. खूप जण तेच करतात. काका, म्हणजे तिचे बाबा, म्हणाले, "आधी जाऊन माफी माग, मग ठरव."

ती गेली, मीही गेलो. लॅपटॉप नेला. सगळं शूटिंग काकूंच्या अंगणात बसून त्या सगळ्यांना दाखवलं, न कापलेलं. विचारलं, यातलं काय ठेवायचं, काय नाही. मला वाटलं होतं, ठेवू नका म्हणतील. पण त्यांनी एकेक तुकडा नीट पाहिला. हात चालतील. पाणी चालेल. चेहरा तिघींचा चालेल, आजीचा तर पाहिजेच, आजीच म्हणाली. वाकलेलं नको. एकीनं सांगितलं, माझा चेहरा नको. आवाज? ती थोडा वेळ थांबली. "आवाज सगळ्यांचाच आहे. राहू दे."

मग छोटीनं सुचवलं, तुम्ही उभ्या राहून गा, आम्ही कंबरेच्या वर शूट करतो. उभ्या राहिल्या. गाणं येईना! दोन ओळी होतात आणि हसू फुटतं. काकू म्हणाल्या, "हात खाली गेल्याशिवाय ते वर येत नाही." रोवण्याच्या लयीतच ते गाणं आहे. हात चिखलात जातो तिथे ठोका पडतो. वेगळा ताल धरून म्हणायचं तर काय धरायचं?

तेव्हा आम्ही उलटं केलं. आवाज बांधीत घेतला, फोन पिशवीत घालून बांधाच्या काठीला बांधला आणि आम्ही तिथून निघून गेलो. कॅमेरा नाही. दीड तासाचं रेकॉर्डिंग मिळालं. त्यात पाणी, बैल हाकणं, कोणाचं तरी सासूबद्दलचं बोलणं (ते काढलं, घाबरू नका), आणि मध्ये मध्ये गाणं. चेहरे संध्याकाळी घेतले, हातपाय धुऊन झाल्यावर, बांधावर बसून चहा पिताना. हात दुसऱ्या दिवशी, वरून, सरळ. काम थांबलं तेवढ्या वेळाची रोजी छोटीनं दिली. आजीनं घेतली नाही, बाकीच्यांनी घेतली, आणि तेच बरोबर होतं.

एडिटिंगला बसलो तर माझं सगळं गणित बिघडलं. सॉफ्टवेअरला लय सांगायची असते, अमुक ठोके मिनिटाला. या गाण्याची लय एक नाही. सुरुवातीला संथ, बांधीचं दुसरं टोक जवळ आलं की वाढते. आभाळ भरून आलं तेव्हा तर जवळपास पळाली. माझी दोनाच्या पाढ्याची जाळी पहिल्या अर्ध्या मिनिटातच सुटली. शेवटी कट हातावर टाकले. परा चिखलात गेला की कट. प्रत्येक वेळी वेगळं अंतर. क्लोजअप आहेत, पण ते कोणाला विकायला नाहीत. शब्द-चित्राचं नातं? गाण्यात माहेर आहे, चित्रात चहा आहे. कोणत्या प्रकारात बसतं ते छोटीनं रिपोर्टमध्ये दीड पान भांडून लिहिलंय.

प्रेक्षकांचा भागही तिनं नव्यानं लिहिला. गूगल फॉर्मच्या चकत्या काढल्या नाहीत, ठेवल्या, आणि खाली स्पष्ट लिहिलं की हे माझ्या वर्गाचं चित्र आहे. पुढे बांधावरच्या गप्पा, फोन कोणाचा, स्क्रीन काळी की चालू. आणि एक वेगळा मुद्दा घातला: ज्यांचं चित्र घेतलं त्यांना कोणी बघावं असं वाटतं. हा प्रश्न तिच्या अभ्यासक्रमाच्या कोणत्याही युनिटमध्ये नव्हता.

दिवाळीला दोघंही गावी होतो. मंडईच्या आदल्या दिवशी काकूंच्या घरी टीव्हीला वायर जोडून व्हिडिओ लावला. सगळ्या आल्या होत्या, पोरंटोरं, काकूंचा तो मुलगाही, दारात उभा. मी त्यांचे चेहरे बघत होतो, कोण लाजतं, कोण खूश होतं. तसं काही झालं नाही. एक म्हणाली, "हे आपल्या बांधीतलं नाही, पलीकडचं पानी आहे," आणि त्यावर वाद सुरू झाला. आजी म्हणाली, परे फार लांब झाले होते त्या टायमाले, रोवायला उशीर झाला यंदा. व्हिडिओ संपला तरी तेच चालू.

निघताना जिनं चेहरा नको सांगितलं होतं ती मागून आली. छोटीला म्हणाली, "मले पाठवशीन का? व्हिडिओ नको. नुसता गाना."

तिच्याकडे फोन नव्हता. तिच्या नातीच्या नंबरवर छोटीनं ऑडिओ पाठवला, तीन मिनिटं अकरा सेकंद. दुसऱ्या दिवशी मंडईत आकाशपाळण्याजवळ कोणाच्या तरी खिशात फोन वाजला, आणि सुरुवात काकूंच्या आवाजात होती.